बॅकयार्डमधलं प्लेहाउस हलवायचंय? आधी कागद, मग जॅक

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसच्या उत्तरेला राहणारं एक मराठी कुटुंब. मागच्या हिवाळ्यात साताऱ्याहून आलेल्या आजोबांनी सहा आठवडे खपून नातीसाठी बॅकयार्डमध्ये आठ बाय आठ फुटांचं लाकडी प्लेहाउस बांधलं. आता एचओएचं, म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांच्या संघटनेचं, पत्र आलंय: बांधकामाची मंजुरी घेतलेली नाही, मागच्या फेन्सपासून पाच फूट अंतर हवं तिथे दोनच फूट आहे, आणि उंची दहा फुटांच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. दुरुस्तीला तीस दिवस. आईवडील विचारतायत, 'मोडायचं नाहीये. येत्या शनिवारी चार मित्रांना बोलावून तीन फूट पुढे सरकवलं तर चालेल का?'

शनिवारी सरकवू नका. प्लेहाउस वाचेल याची मला जवळजवळ खात्री आहे, पण ते एकदाच हलवायचं आहे. त्यासाठी नवी जागा लेखी मंजूर झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

मी याच भागात वीसेक वर्षं डेक आणि शेड बांधतोय, आणि सहा वर्षं आमच्या कॉलनीच्या, बांधकामांना मंजुरी देणाऱ्या आर्किटेक्चरल कमिटीवरही होतो. म्हणजे पत्र पाठवणाऱ्यांच्या बाजूलाही बसलोय. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या घाईपायी मी त्यांची शेड दोन दिवसांत पाच फूट सरकवून दिली. पत्रात पाच फूट म्हटलं होतं, आम्ही पाच फूट सरकवली. पुढच्या आठवड्यात कळलं की नवी जागा दोन प्लॉटमधलं पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या उथळ चरात येते. पुन्हा उचलली. दुसऱ्या खेपेला एका कोपऱ्याचा सांधा उघडला तो पुन्हा पहिल्यासारखा बसला नाही. तेव्हापासून मंजुरीचा कागद पाहिल्याशिवाय मी जॅक गाडीत टाकत नाही.

आधी पत्र नीट पाहा. साध्या टपालाने किंवा ईमेलने आलं असेल तर ती बहुतेक नुसती आठवण असते. टेक्ससमध्ये दंड लावण्यापूर्वी एचओएला सर्टिफाइड मेलने नोटीस द्यावी लागते. टेक्सस प्रॉपर्टी कोडच्या 209 व्या प्रकरणात हे सगळं आहे. त्या नोटिशीत चूक काय ते, दुरुस्तीसाठी वाजवी मुदत, आणि एचओएच्या बोर्डापुढे म्हणणं मांडण्याचा हक्क हे तिन्ही लिहिलेलं असलं पाहिजे. नोटीस टपालात पडल्यापासून तीस दिवसांत तुम्ही ही हिअरिंग (सुनावणी) लेखी मागू शकता. मागणी मिळाल्यावर बोर्डाने तीस दिवसांत हिअरिंग घ्यायचं असतं, आणि तुमच्याविरुद्ध जे कागद-फोटो मांडणार ते निदान दहा दिवस आधी तुम्हाला द्यायचे असतात. हिअरिंग मागणं म्हणजे भांडण उकरून काढणं, असं आपल्या लोकांना वाटतं. तसं अजिबात नाही. ते मागून ठेवा. त्याने तुमची बाजू नोंदवली जाते आणि बोलायला वेळ मिळतो. तोवर मंजुरीचं काम झालं तर हिअरिंगची गरजच उरत नाही.

एक बारकावा बऱ्याच जणांना महागात पडतो. तसल्याच चुकीबद्दल मागच्या सहा महिन्यांत तुम्हाला नोटीस आणि मुदत मिळून गेली असेल, तर दुसऱ्या खेपेला दुरुस्तीची मुदत द्यायचं बंधन एचओएवर नसतं. म्हणून घाईने चुकीच्या जागी सरकवणं हे काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरू शकतं.

आणि घर जाण्याची भीती मनातून काढा. टेक्ससमध्ये नुसत्या दंडापायी, किंवा त्या दंडाच्या वसुलीच्या वकील-खर्चापायी, एचओए घरावर फोरक्लोजर (जप्ती करून विक्री) आणू शकत नाही. याचा अर्थ दुर्लक्ष करावं असा नाही. घर विकताना एचओएकडून जो दाखला घ्यावा लागतो त्यात त्यांना माहीत असलेली नियमभंगाची नोंद येते, आणि नेमकं तेव्हा घाईघाईत सगळं मोडावं लागतं.

आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीशी तुलना करून लोक इथे गोंधळतात. महाराष्ट्रातली सोसायटी 1960 च्या सहकार कायद्याखाली नोंदवलेली असते. एचओएची ताकद येते ती जमिनीला चिकटलेल्या अटींच्या दस्तातून, आणि घर घेताना त्या अटी आपोआप तुमच्यावर लागू झालेल्या असतात. सेक्रेटरींना भेटून तोंडी 'बघू, करून टाका' मिळालं तर त्याला काही किंमत नाही. तो दस्त काउंटीच्या नोंदींतून किंवा एचओएच्या पोर्टलवरून काढा, आणि त्यात 'प्ले स्ट्रक्चर', 'अ‍ॅक्सेसरी बिल्डिंग', 'सेटबॅक' (हद्दीपासून सोडायचं अंतर), 'उंची' हे शब्द शोधून वाचा. उंची कुठून कुठपर्यंत मोजायची याची व्याख्या बहुधा तिथेच असते: मूळ जमिनीपासून आढ्यापर्यंत, की छपराच्या मध्यापर्यंत. अर्जाला ठरलेल्या दिवसांत उत्तर आलं नाही तर तो मंजूर धरायचा की नामंजूर, हेही तिथेच मिळेल. अंदाजावर राहू नका, कारण प्रत्येक कॉलनीत हे वेगळं असतं.

आता जागा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. घर घेताना क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होतानाच्या, कागदांत प्लॉटचा सर्व्हे (मोजणीचा नकाशा) मिळालेला असतो, तो शोधा. तुमच्यासारख्या प्लॉटवर मागच्या हद्दीलगत सहसा युटिलिटी ईझमेंटची, म्हणजे वीज-केबलसारख्या सेवांसाठी राखलेली, पट्टी असते. समजा सर्व्हेवर ती साडेसात फुटांची दिसली, तर एचओएचे पाच फूट पुरत नाहीत. एचओएने पाच फुटांवर परवानगी दिली तरी वीज किंवा केबल कंपनीचा त्या पट्टीवरचा हक्क एचओए काढून घेऊ शकत नाही. उद्या केबल टाकायला आले तर ते प्लेहाउस बाजूला करायला सांगतील. अंतर भिंतीपासून मोजू नका, छपराच्या वळचणीपासून मोजा. तुमची वळचण आठ इंच बाहेर आलेली आहे. म्हणजे साडेसात फूट अधिक आठ इंच, आणि हाताशी थोडी सूट धरून भिंत नऊ फुटांवर आणा. आज ती दोन फुटांवर आहे, तेव्हा सरकवायचं आहे सात फूट, तीन नाही. फेन्स नेमकी हद्दीवरच असते असंही धरू नका. कोपऱ्यांना जमिनीत पुरलेल्या लोखंडी सळ्या सापडल्या तर त्यावरून मोजा.

शहराचा नियम वेगळा, एचओएचा वेगळा. बहुतेक शहरं जो आंतरराष्ट्रीय निवासी बांधकाम कोड वापरतात, त्यात 200 चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली प्लेहाउसला बिल्डिंग परमिट लागत नाही. काही शहरांनी ही मर्यादा जुनी, 120 चौरस फुटांचीच ठेवली आहे. तुमचं 64 चौरस फूट आहे, त्यामुळे दोन्हीकडे बसतं. पण परमिट नको याचा अर्थ शहराचे सेटबॅकही नकोत असा होत नाही. एक फोन करून विचारून घ्या.

पाण्याचा चर मी वर सांगितलाच. जोराचा पाऊस पडून गेल्यावर अर्ध्या तासाने छत्री घेऊन बॅकयार्डमध्ये उभे राहा. पाणी कुठून कुठे जातंय ते डोळ्यांना दिसतं, आणि त्या वाटेत काहीही ठेवायचं नाही. लाइव्ह ओकसारखं झाड असेल तर त्याच्या मुळांवर खडी टाकून धुम्मस मारू नका. हिरव्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीसमोर मोकळी जागा सोडावी लागते. आणि खिडकी कुठे उघडते तेही बघा. पाच वर्षांची मुलगी उंच फरशीवर उभी राहिली तर शेजाऱ्यांच्या पोहण्याच्या तलावाकडे तोंड होतंय का? तक्रारीच्या मुळाशी अनेकदा हेच असतं. उंची आणि सेटबॅक ही त्यासाठी सापडलेली कलमं असतात. शेजाऱ्यांकडे नकाशा घेऊन जा, दाखवा, विचारा. खिडकीची बाजू फिरवून प्रश्न मिटलेला मी बऱ्याचदा पाहिलाय.

उंचीचं बघू. तुम्ही लिहिलंय की आढं जमिनीपासून दहा फूट चार इंचांवर आहे आणि घर आठ इंची काँक्रीट ब्लॉकवर ठेवलंय. मग छप्पर कापायची काही गरज नाही. ब्लॉक काढा आणि घर खडीच्या बैठकीवर ठेवा. बैठक जमिनीच्या वर दोन इंच राहिली तरी आढं नऊ फूट दहा इंचांवर येतं. मोह होईल की बैठक जमिनीत पूर्ण दाबून आणखी दोन इंच मिळवावेत. तसं करू नका. इथली माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या कापसाच्या जमिनीच्याच जातीची आहे: पावसात फुगते, ऑगस्टमध्ये भेगाळते, आणि पाणी खाली जाऊ देत नाही. तिच्यात खड्डा करून खडी भरली की हौद तयार होतो आणि लाकूड त्यात कुजतं.

'फेन्सवरून दिसतं' हा मुद्दा पत्रात नाही, पण कमिटीत तो निघणारच. लोकांना वाटतं घर आत सरकवलं की दिसेनासं होईल. सहा फुटांच्या फेन्सबाहेर दहा फुटांवरच्या फुटपाथवर साडेपाच फुटांवर डोळे असलेला माणूस उभा केला, तर त्याची नजर फेन्सच्या माथ्यावरून जाताना दहा फूट आत जेमतेम सहा इंच वर चढते. म्हणजे साडेसहा फुटांवरचं सगळं त्याला दिसत राहतं. झाकायचं असेल तर राहत्या घराच्या आडोशाला घ्या किंवा झाडं लावा. हे कागदावर पटत नाही म्हणून मी काठी उभी करतो: पीव्हीसीचा दहा फुटी पाइप, आढ्याच्या उंचीवर लाल फीत बांधलेली. एकजण तो नव्या जागी धरून उभा राहतो, दुसरा फुटपाथवरून आणि शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या अंगणातून फोटो काढतो. आमच्या कमिटीपुढे असे फोटो आले की चर्चा दहा मिनिटांत संपायची, कारण प्रत्येकाला कळायचं की नक्की काय दिसणार आहे.

अर्जात सर्व्हेची प्रत जोडा आणि त्यावर जुनी व नवी जागा मापांसह काढा. चारही बाजूंचे फोटो, काठीचे फोटो, उंचीचा हिशेब, रंग आणि छपराचा माल, शिवाय काम कधी पूर्ण करणार ती तारीख द्या. सोबतच्या पत्रात मंजुरी न घेतल्याची चूक एका वाक्यात मान्य करा. कारणं लांबवू नका, पण आजोबांनी हातांनी बांधलंय हे जरूर लिहा. कमिटीवर शेजारचीच माणसं असतात, त्यांनाही नातवंडं असतात. मंजुरी येईपर्यंत दंडाची मुदत थांबवावी अशी लेखी विनंती त्याच पत्रात करा. नामंजूर झालंच, तर कायद्यातल्या 2021 च्या बदलानंतर चाळीसहून जास्त प्लॉटच्या एचओएला नकाराची कारणं आणि कोणते बदल हवेत ते लेखी द्यावं लागतं, आणि त्यावरही तीस दिवसांत हिअरिंग मागता येतं. मुलीला अपंगत्व असेल आणि प्लेहाउस तिच्या उपचाराचा भाग असेल, तर फेअर हाउसिंग अ‍ॅक्टखाली (घरांबाबतचा भेदभाव रोखणारा केंद्रीय कायदा) वाजवी सवलत मागण्याचा वेगळा मार्ग आहे. तसं असल्यास आधी वकिलाला भेटा.

मंजुरी आली. आता काम.

वजनाचा अंदाज आधी घ्या. तुमच्या घराचा माझा हिशेब असा: फरशीचे दांडे आणि खालचे दोन चार-बाय-चार इंची ओंडके मिळून अडीचशे पाउंड, फरशीचं प्लाय दीडशे, भिंतींचे उभे-आडवे दांडे तीनशे, बाहेरचं प्लाय तीनशे, वासे आणि छपराच्या फळ्या अडीचशे, आणि शिंगल दोनशे तीस. जवळजवळ दीड हजार पाउंड, म्हणजे पावणेसातशे किलो. चार माणसांनी हे उचलायचं नाही, उचलता येणारही नाही. पण सपाट प्लायवर पाइपांवरून ढकलायला पन्नास-शंभर पाउंडांचा जोर पुरतो.

घर रिकामं करा. दार, खिडक्यांची पानं, घसरगुंडी आणि कुंड्या उतरवा. वळचणीखाली गांधीलमाश्यांचं पोळं आहे का ते आदल्या संध्याकाळी टॉर्चने बघा, आणि फरशीखाली कोळी व फायर अँट. मग आतून प्रत्येक भिंतीला तिरप्या दोन-बाय-चारच्या पट्ट्या स्क्रूने मारा, खिळ्याने नाही. दाराच्या भिंतीला तर नक्कीच, कारण घर वाकतं ते तिथेच. आजोबांना या कामाच्या वेळी व्हिडिओ कॉल लावा. उन्हाळ्यात इथले सकाळचे आठ म्हणजे साताऱ्यात संध्याकाळचे साडेसहा. ट्रिमच्या पट्टीखाली कोणता स्क्रू कुठे दडवलाय हे फक्त त्यांना माहीत आहे. त्यांनी सांगितलं नाही तर तुम्ही पहारीने लाकूड फाडाल. आणि त्यांना न सांगता त्यांचं घर हलवणं मला तरी बरं वाटलं नसतं.

तुमच्या फोटोत एक गोष्ट दिसतेय. खालचे दोन ओंडके फेन्सला समांतर आहेत, आणि तुम्हाला सरकवायचंय फेन्सपासून दूर, म्हणजे त्यांना आडवं. पाइपांवर ते असे चालणार नाहीत. मध्येच अडकतील. म्हणून ओंडक्यांखालून काटकोनात दोन तात्पुरते दांडे घाला, चार-बाय-चारचे, दहा फूट लांब, पुढचं टोक स्कीसारखं खालून तिरकं कापलेलं. घर त्यांना स्क्रूने बांधा. आता हे दांडे पाइपांवर धावतील.

उचलायचं एका बाजूने. दोन बॉटल जॅक, ओंडक्याच्या खाली, फरशीच्या प्लायखाली कधीच नाही. प्रत्येक जॅकखाली रुंद फळी, नाहीतर तो मातीत रुततो. दोन इंच वर, लगेच खाली लाकडी ठोकळे, पुन्हा दोन इंच. घर जॅकवर आहे तोवर कोणाचाही हात, पाय किंवा डोकं खाली जाता कामा नये. चेंडू आत गेला तरी नाही. मुलीला त्या वेळी घरात, काचेपलीकडे ठेवा.

वाटेवर पाऊण इंची प्लायच्या पट्ट्या दोन ओळींत टाका, त्यावर चार इंची शेड्यूल 40 पीव्हीसीचे सहा पाइप. दोन्ही दांड्यांच्या बाहेर वीतभर येतील एवढे लांब. तीन माणसं ढकलतात, एक मागून सुटलेला पाइप पुढे आणून ठेवतो, आणि एक फक्त बघतो व 'थांबा' म्हणतो. हा पाचवा माणूस ठेवाच. बॅकयार्डला उतार असतो, म्हणून मागे दोरखंड बांधून झाडाला एक वेढा देऊन सोडत जा आणि पाचर हातात ठेवा. दिशा थोडी फिरवायची असेल तर पाइप तिरके ठेवा, घर आपोआप वळतं. पाऊस पडून चार दिवस झाले नसतील तर काम पुढे ढकला. ओल्या काळ्या मातीत प्लायसकट सगळं खचतं.

बैठक आधीच तयार हवी: गवत काढून, कापड अंथरून, चार इंच ठेचलेली चुनखडीची खडी, धुम्मस मारून, पाणसळीत. त्यातले दोन इंच जमिनीच्या वर, आणि कडा घरापेक्षा फूटभर बाहेर. वसंतातली वादळं इथे हलकी शेड उलटवतात, तेव्हा चार कोपऱ्यांना स्क्रूसारखे फिरवून बसवायचे जमिनीतले अँकर आणि पट्टे लावा. त्याआधी निदान दोन कामाचे दिवस 811 ला, म्हणजे जमिनीखालच्या तारा-नळ्या दाखवणाऱ्या सेवेला, फोन करा. ते फुकट येऊन खुणा करतात: लाल वीज, पिवळा गॅस, नारिंगी केबल, निळा पाणी, हिरवा गटार. तुमच्या स्प्रिंकलरच्या नळ्यांवर मात्र ते खूण करत नाहीत, कारण त्या खासगी. प्रत्येक झोन चालू करून हेडजवळ झेंडी रोवा आणि नळी कुठून जाते ते ओळखा.

बाकी थोडंच. तात्पुरते दांडे काढा, दार-खिडक्या बसवा, भिंतींच्या आतल्या तिरप्या पट्ट्या सगळ्यात शेवटी काढा. जुन्या जागी माती भरून ठेवा, बर्म्युडा गवत उन्हाळ्यात आपोआप पसरतं. मग त्याच फुटपाथवरून, त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढा. वळचणीपासून फेन्सपर्यंत टेप लावून एक फोटो, जमिनीपासून आढ्यापर्यंत एक. ते एचओएचा कारभार पाहणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीला पाठवून नियमभंगाची नोंद बंद केल्याचं लेखी उत्तर मागा. उत्तर येत नसेल तर दर आठवड्याला विचारत राहा. आलं की मंजुरीपत्रासोबत सर्व्हेच्याच फाइलीत लावा.